पावडर हाय का

इथं खोलीतल्या सोबत्यानं गरम तेलात हळद टाकली, की त्या वासासरशी मला तो विमानतळ आठवतो. पहिल्यांदाच परदेशात कामाला आलो होतो. बॅगा तपासणाऱ्या साहेबानं मोडक्या हिंदीत विचारलं, "पावडर है?" माझी शाळा सातवीतच सुटलेली, आणि आमच्या वसमतकडं पावडर म्हणजे तोंडाला लावायची. मी म्हणालो, "न्हाई साहेब." त्यानं बॅग उघडली, तर आईनं घरचीच उकडून, वाळवून, दळून दिलेल्या हळदीची पिशवी निघाली. "झूठ बोलता है? वापस भेजूं?" तो ओरडला. परत पाठवलं असतं तर नोकरी गेलीच होती. पण खोटारडा म्हटल्यावर डोक्यात सणक गेली. "साहेब, हळद हाय ही, हळद! खायची असती!" म्हणत मी मूठभर तोंडात कोंबली. मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, दात पिवळे झाले, आणि तो साहेब शेजारच्याला बोलावून खदखदून हसला. रांगेत मागं उभ्या असलेल्या हैदराबादी चाचांनी पाण्याची बाटली पुढं केली, "पी लो बेटा, गुस्सा थूक दो." त्यांचे उपकार मी विसरणार न्हाई. मग साहेबानं पासपोर्ट माझ्याकडं सरकवला आणि पिशवी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आईची मेहनत डोळ्यांदेखत डब्यात गेली, आणि मी हात जोडून म्हणालो, "थँक्यू साहेब." त्या साहेबाचं तोंडही आता आठवत नाही, पण माझं ते थँक्यू आठवलं की अजून अंगाची लाहीलाही होते.