पाठीनं धरलेलं दार

संडासाच्या दाराला कडी नव्हती. आत माझी पोरगी, बाहेर मी दाराला पाठ लावून उभी. मदतवाले साहेब कॅमेरावाल्याला घेऊन आले.

"सरका बाई, सुविधांचे फोटो घ्यायचेत."

आत पोरगी आहे, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. परक्या माणसासमोर माझी जीभच उचलत नाही. साहेबांनी माझा खांदा धरून मला बाजूला केलं. दार ओढलं.

चौदा वर्षांची आहे ती.

कॅमेरावाला हसला. साहेब मला म्हणाले, "सांगायचं ना बाई."

पुराचं पाणी घरात शिरल्यापासून आम्ही वडनेरजवळच्या या शाळेत आहोत. इतक्या बायकांत हा एकच संडास. एकीनं बसायचं, दुसरीनं दार धरायचं, अशी रीत पडली. साहेबांनी दार ओढलं त्या दिवसापासून पोरीनं पाणी पिणं सोडलं. तांब्या पुढे केला की म्हणते, "माय, मले पाणी नको. मंग जा लागते." आता लघवीला आग होते. अंगात ताप. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या, म्हणाल्या, भरपूर पाणी पाज.

परवा नांदुऱ्याहून धान्याच्या किटचा ट्रक आला. टेबलावर किट घेण्याआधी अंगठा द्यायचा कागद, शेजारी शाईचं पॅड. साहेबांनी न विचारताच माझा अंगठा धरला. मी हात ओढून घेतला. मी चौथी शिकले आहे. बोट ठेवून वाचलं. 'महिलांसाठी सुरक्षित शौचालय : आहे.' खाली माझ्या आधीच्या बायकांचे अंगठे.

"पेन द्या." आवाज इतका बारीक, की दोनदा म्हणावं लागलं.

मागून शेजारीण बोलली, "अंगठा दे न व माय, ट्रक वापस जाईन." तिचं चुकत नव्हतं. तिची लेकरं उपाशी होती.

मी 'आहे' खोडलं. 'नाही' लिहिलं. खाली लिहिलं, दाराला कडी नाही. मग सही केली. अक्षर वाकडं आलं.

"कागद खराब केला. तुम्हाला किट नाही," साहेब म्हणाले.

किट मिळाली नाही. कडी लागली नाही. ताप उतरला नाही. पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर हे लिहिते आहे, ती बाजूला कण्हते आहे.

उद्या साहेब इथल्या सोयी दाखवायला पाहुण्यांना घेऊन येणार आहेत. पोरगी आत असली तर मी सांगेन, आत माझी पोरगी आहे. तोंडून नाही निघालं, तरी दारातून सरकणार नाही. खांदा धरला तरी.