साडेपाचचा हॉर्न

लातूर जिल्हा नवा झाला तवा माझ्या थोरल्या भावाला तिथल्या एका हापिसात शिपायाची नोकरी लागली. आमचं गाव मुरुडाच्या पलीकडं. रोजच्या जाण्यायेण्याला त्यानं एक फटफटी घेतली, इतकी जुनी की तिचा पहिला मालक कोण हे तिलाबी आठवत नसंल. तिच्या तारांचं काम माझ्याकडं. मी दुसरीच्या पुढं शिकलो न्हाई, पण गावात मला मिस्त्री म्हणायचे. दुसरा कोणी नव्हता म्हणून.

एकदा किल्लीचा स्विच बिघडला आन हॉर्न वाजंना. मी डोकं चालवलं. किल्लीला वळसा घालून हॉर्नची तार सरळ बॅटरीवर नेली. थोरला म्हणला, "हे तात्पुरतं हाय का कायमचं?"

"माझ्या हातचं हाय. कायमचंच."

तवापासून रोज साडेपाचला दारात येऊन तो एकदा हॉर्न द्यायचा आन वैनी चहा टाकायची.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी विहीर तळाला गेली. ते गढूळ पाणी पिऊन निम्म्या गावाला कावीळ झाली. बाकीचे उठले, थोरला उठला न्हाई.

फटफटी अंगणात भिंतीला लावलेली राहिली. वीसेक दिवसांनी, साडेपाचच्या सुमाराला, रिकाम्या अंगणात ती वाजली. घसा बसल्यागत, पण हॉर्न त्योच. आमचं घर बौद्धाचं, आमच्यात भूतखेत मानत न्हाईत, मीबी चार लोकांत तसंच सांगायचो. तरी बाजंवरनं उठलो तो थेट शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन थांबलो.

शेजारी म्हणला, "काय रं?"

"म्हैस बघाया आलतो."

"ती विकून चार महिने झाले की."

परत आलो तर वैनी चुलीपुढं. थोरला गेल्यापासून तिनं चूल पेटवली नव्हती, शेजारपाजारचं कोणी भाकरी आणून द्यायचं, तीबी तशीच पडायची. आज तिनं चहाचे दोन कप भरलेले, एक हातात, एक उंबऱ्यावर.

"भावजी, ऐकलं न्हवं?"

"व्हय," म्हणलं.

दुसऱ्या दिवशीबी त्याच वेळेला वाजली. तिसऱ्या दिवशी हिंमत करून भरदुपारी पुढची बत्ती उघडली. बटण दाबलं की तार पत्र्याला टेकते आन हॉर्न वाजतो, एवढंच त्यातलं गणित. त्या तारंवरचं रबर उन्हानं करपलेलं, आतलं तांबं उघडं. माझीच टेप सुटून लोंबत होती. उतरतं ऊन नेमकं त्या बत्तीवर यायचं, टेपचा डिंक पातळ व्हायचा, तार घसरून पत्र्याला लागायची. ऊन घरामागं गेलं की डिंक आळायचा, तार आखडून पुन्हा वर. म्हणजे ते भूत माझ्याच हातचं. कायमचं.

दोन बोटं टेप लागली असती. मी लावली न्हाई. वैनी दोन घास खाऊ लागली होती म्हणून, असं मी मनाला सांगायचो. खरं म्हणजे माझं काम कच्चं हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आन उंबऱ्यावरचा कप निवला, वैनी आत गेली, की तो मीच प्यायचो.

पण बंद गाडीची बॅटरी भरणार कशी? हॉर्न रोज बारीक व्हायला लागला. वैनी म्हणायची, "आज लांबून आले." दोन दिवसांनी, "आज येशीपासूनच फिरले." मी टँकरचं पाणी बॅटरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजलाच न्हाई. वैनी दिवेलागणीपर्यंत चहाचं आधण ठेवून बसली.

बॅटरी पिशवीत घालून यष्टीनं लातूरला गेलो. तिथल्या म्हाताऱ्या बॅटरीवाल्यानं झाकण काढून बघितलं.

"पाणी कुठलं टाकलं?"

"टँकरचं."

"अरे मियाँ, खारं हाय ते. माणूस सोसतो, बॅटरी न्हाई सोसत." त्यानं दुसरी जुनी बॅटरी भरून दिली. मग इचारलं, "गाडी चालवतो कोण?"

"कोणीच न्हाई."

"मग करंट जातो कुठं?"

मी हसलो.

"हसू नको. कुठंतरी तार चिकटून राहिली. शोध, न्हाईतर एक दिवस गाडी पेटंल."

मी मान हलवली, जसं काही नवीनच ऐकतोय.

ती बॅटरी बसवली तसा साडेपाचला हॉर्न पुन्हा वाजाय लागला. त्याच आठवड्यात हापिसातून कागद आला. थोरल्याच्या जागी वैनीनं पंधरा दिवसांत हजर व्हावं, न्हाईतर जागा जाईल. लातूरला खोली करून ऱ्हावं लागणार. तिनं कागद डब्यात ठेवला.

"मी न्हाई जायची. ते येतात संध्याकाळी. दाराला कुलूप दिसलं तर?"

तिनं जावं म्हणून चौदा दिवस मी विनोद करून बघितले. चौदाव्या दुपारी तिला अंगणात बोलावलं, बत्ती उघडली, तार दाखवली.

"ही ह्या पत्र्याला लागली की वाजतं. ऊन आलं की लागते."

"कोणी केलं हे?"

"म्या."

"कवापासून ठावं हाय?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आन चहा?"

"मीच प्यायचो."

तिनं बोटानं तार पत्र्याला टेकवली. नव्या भरलेल्या बॅटरीवर हॉर्न खणखणीत वाजला. सोडली, पुन्हा टेकवली. तिसऱ्यांदा इतका वेळ धरली की शेजारी बाहेर आला आन काही न इचारता आत गेला. मग तिनं बोट काढलं.

"लावा काय लावायचं ते."

मी टेप लावली. त्या दिवशी साडेपाचला काही वाजलं न्हाई. उंबऱ्याच्या अलीकडं ती बसली, पलीकडं मी. चहा झाला न्हाई.

सकाळी गाडी चालू केली, वैनी गठुडं घेऊन मागं बसली. वाटंत शेळ्या, बैलगाड्या, घागरी घेतलेल्या बाया. अंगठा बटणावर जायचा आन तसाच मागं यायचा. लातूरपर्यंत मी तोंडानंच "बाजू, बाजू" ओरडत गेलो. हापिसाच्या फाटकापाशी घसा पार बसला होता.

वैनी उतरली, पदर नीट केला. "हॉर्न बिघडला का, भावजी?"

"न्हाई. चांगला हाय."

तिनं बटणाकडं बघितलं. वाटलं, आता म्हणंल एकदा वाजवा. पण कागद काढून ती आत गेली.

परतताना रस्ता मोकळा होता, साडेपाचला आरामात दारात पोचलो असतो. मी मुरुडात एका झाडाखाली गाडी लावली आन अंधार पडंस्तोवर तिथंच बसून राहिलो.