डांबरावरची घोंगडी

लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हापासून मी मासळीबाजारात चालतच जाते. बाजार आमच्या दारासमोरच, रस्त्यापलीकडे. आज त्या रस्त्यावर गरम डांबराचा अरुंद पट्टा पडला होता, आणि त्या वासासरशी मी माहेरी यवतला पोचले.

तेव्हा तिथला हायवे रुंद होत होता. गावातच दिलेल्या आत्याची मेंढरं अलीकडं, चरायचं रान पलीकडं, मधे वाफाळणाऱ्या काळ्या डांबराचा पट्टा. मुकादम म्हणाला, "मावशी, वळसा घालून पुलाखालनं जावा."

"वळसा तुमच्या रस्त्यानं घालावा," आत्या म्हणाली. "मेंढरं हितनंच जात्यात, माझ्या सासूच्याबी आधीपासनं."

कोकरांचे खूर भाजू नयेत म्हणून तिनं खांद्यावरची घोंगडी डांबरावर अंथरली. लोकर करपल्याचा वास सुटला. ट्रकवाले हॉर्न वाजवत राहिले आणि मेंढरं सावकाश पलीकडं गेली. मला नव्या घोंगडीचं वाईट वाटलं होतं. आत्या मात्र पुढं कितीतरी वर्षं तीच घोंगडी, डाग वर करून, पाहुण्यांना बसायला टाकायची. ते का, हे मला आज कळलं.

"वहिनी, इथे आता दुभाजक होणार," आजचा मुकादम म्हणाला. "यापुढे चौकातून फिरून जायचं."

"बाजार समोर आहे," मी म्हटलं.

घरात जाऊन दारातलं गोणपाटाचं पायपुसणं आणलं, डांबरावर अंथरलं आणि सावकाश पलीकडे गेले. पायपुसणं उचललं नाही. मागे शेजारच्या काकू पिशवी घेऊन उभ्या होत्या.