रिकाम्या काठावरचा हुळा

पण मी म्हणतो, फोटो माझा असला म्हणून सगळी चूक माझीच कशी? संत्या ऐकायला तयारच नाही. मागच्या श्रावणात डिंभे धरणाच्या बॅकवॉटरचा फोटो मी इथं ब्लॉगवर टाकला. वर लिहिलं, 'रिकामा काठ, चिटपाखरू नाही'. तोच फोटो, तेच शब्द आता एका रिसॉर्टवाल्याच्या पत्रकावर, खाली 'पडीक जागेचा विकास, टेंट आणि कायाक'. संत्या माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला तिथं कायाक चालवायचं काम मिळणार, म्हणून त्याला रिसॉर्टवाल्याचं सगळं बरोबर वाटतं.

मी गुजरातेत बंदरावर क्रेनवर असतो. आठ दिवसांची सुट्टी काढून अवसरी बुद्रुकला घरी आलो आणि दुसऱ्याच सकाळी त्याच्या गाडीवर मागं बसलो. पेट्रोल दोनशेचं. मंचरला मिसळ खाऊनच निघा, घोडेगाव सोडलं की चहाशिवाय काही मिळेल याचा भरवसा नाही. पुढं रस्ता लई वळणांचा, खड्ड्यांचं विचारू नका, पण मधूनच निळं पाणी दिसलं की कंबर दुखायची थांबते.

माघात पाणी उतरलेलं. श्रावणात जिथं मी नुसतं पाणी पाहिलं होतं, तिथं हिरवागार हरभरा! हौसाबाई नावाच्या मावशी बांधावर हुळा भाजत होत्या. गरम घाटे आमच्या हातावर ठेवले. संत्यानं पत्रक दाखवलं.

"हे तर आमचंच रान," त्या म्हणाल्या. "ह्या फोटूत पाण्याखाली हाय."

"फोटो मीच काढलाय मावशी. पावसाळ्यात."

"मग पावणं, बुडी मारून बघायचं व्हतं."

संत्या इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्यांची जुनी शेती धरणात गेली. पाणी उतरल्यावर उघडा पडणारा गाळ त्या वर्षावर्षाच्या करारानं पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात, हे मला तिथं कळलं. दोन दिवसांनी ग्रामसभा होती. तिथं काठ पडीक ठरला, तर पुढचा करार मिळायचा नाही.

"आमचं पोरगंबी म्हनतं टेंट पायजेत," मावशी म्हणाल्या. "लाव की वर डांबरीजवळ. माझ्या हरभऱ्यात कशाला?"

आमच्या बंदराच्या नकाशावरही कोळ्यांची जाळी वाळवायची वाळू 'मोकळी जागा' म्हणून रंगवलेली आहे. मी ते रोज बघतो, कधी बोललो नव्हतो.

ग्रामसभेत बोललो. श्रावणातला आणि माघातला, दोन्ही फोटो मोबाईलवर दाखवले आणि रिकामा हा शब्द माझा, तो चुकला, असं सांगितलं. बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी ठरलं, टेंट डांबरीजवळ, काठ गाळपेरीलाच. संत्याचं काम टिकलं, म्हणून तोही खूश.

आता परत बंदरावर आहे. बॅगेला अजून भाजल्या हरभऱ्याचा वास येतो. जुन्या पोस्टचं नाव बदललं. काल मावशींचा फोन आला, काठावर पाटी लावायचीय, काय लिवू?

"लिहा, ही गाळपेर आहे. पावसाळ्यात पाण्याखाली असते."

"लई लांबलं. पेंटर अक्षरावर पैसं घेतो."

मागून संत्या ओरडला, "मोठं लिही राव, कायाकवरनं वाचता आलं पायजे."

मोठ्या अक्षरांचे चौदाशे पन्नास रुपये मीच पाठवतोय.