डोहापलीकडची लेक

मावशी नदीवरून परतायची ती उलट्या पावलांनी. डोक्यावर हंडा, तोंड पाण्याकडे, टाचेनं दगड चाचपत चढण चढायची. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मीही हसायचे.

"डोहाला पाठ दावू नये, बाई," ती म्हणायची. "पाण्यातल्या आसरा मागं येत्यात."

अकोले तालुक्यातल्या त्या वाडीत मी नर्स होते आणि मावशी माझी शेजारीण. नदी ती केवढीशी! कड्याखालच्या झऱ्यातून निघायची, देवराईतून वाकडीतिकडी उतरायची आणि वाडीखाली डोह करून थांबायची. उन्हाळ्यात नुसती डबकी उरत, त्यांत खेकडे आणि एखादं दिवड, पाणसाप. उंबराखालचा डोह मात्र कधी आटला नाही. मावशीची थोरली बहीण लहानपणी त्यातच गेली होती.

बिबट्याला ती भीत नसे. त्यानं अंगणातलं कुत्रं उचललं तेव्हा म्हणाली, "त्याचं पोट भरतं, बाई. ह्या नदीचं न्हाई भरत."

आणि लेक दिली ती नेमकी नदीपलीकडे! तिचं घर मावशीच्या अंगणातून दिसायचं. डोहाच्या वरच्या अंगाला नदी पायी ओलांडायचा खडकांचा उतार होता, सारी वाडी त्यावरून ये-जा करी. मावशी मात्र लांबच्या पुलावरून, अर्धा दिवस टेम्पोचे धक्के खात जायची.

श्रावणातल्या एका सकाळी जावई धापा टाकत आला. लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायला अजून अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या होत्या, रक्त जात होतं. मोबाईलला रेंज नव्हती. मी पिशवी उचलली. मावशी मागोमाग निघाली.

"मावशी, तुम्ही पुलावरून या."

"तवर तिचं काय?" तिचे ओठ पांढरे पडले होते.

दाट धुकं होतं. धुक्यात एकेकानं उतरायचं, काठावरच्यानं हाका मारायच्या आणि पाण्यातल्यानं ओ द्यायची, अशी तिथली रीत. जावई गेला, मग मी. मग मावशी पाण्यात उतरली.

"मावशी!"

"ओ!"

"मावशी!"

"आले गं, आले!"

तेवढ्यात ती पुसटशी दिसली. तोंड डोहाकडे, पाठ वरच्या पाण्याकडे, आडवी सरकत येत होती. आणि लोंढा आला तो वरून, तिच्या पाठीमागून. तिनं तो पाहिलाच नाही.

मी ओरडत राहिले. ओ आली नाही.

"बाई, तुमी घरी तिच्याकडं जा!" म्हणत जावई काठाकाठानं खाली धावला. मी गेले. हातांना काम ठाऊक होतं. मुलगी झाली, एवढीशी, निळसर. पाठ चोळून चोळून तिला रडवलं. रक्तही थांबलं.

लेक थकून हसली. "आय काय उतारानं यायची न्हाई. पुलावरनं येईस्तवर दिस मावळंल. तुमी दारातनं वरडून सांगा ना तिला. अंगणातच असंल बगा."

धुकं विरत होतं. समोर मावशीचं रिकामं अंगण दिसत होतं.

मी दारात उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं.