दांडी तुटलेला कप

नव्या गादीच्या कापसाचा वास आला, की मला बाळकुमचं आमचं कौलारू घर आठवतं. बाहेर दंगल पेटलेली आणि आमच्या गाद्या पिंजून देणारा मुसलमान पिंजारी माझ्या माळ्यावर पेंढ्यामागे लपलेला. मी कुणाच्या बापाला भिणारा नव्हतो. दोन दिवस त्याला भाकरी दिली, चहा दिला. तिसऱ्या दुपारी गावातलेच पाच-सहा जण काठ्या घेऊन ओटीवर आले. मी दारात आडवा उभा राहिलो. "माझ्या घरात कोण नाय. चला, निघा!" ते निघालेही असते. पण एकाची नजर कोनाड्यात गेली. पिंजाऱ्यासाठी वेगळा ठेवलेला दांडी तुटलेला कप बायकोने सवयीने धुऊन तिथेच ठेवलेला. असा कप तेव्हा घरोघरी असायचा, त्या बघणाऱ्याच्याही घरी होता. "काका, हा ओला कसा?" "मीच चहा प्यायलो त्यात." तो हसला. "तुम्ही? या कपात? काकी, ओता बघू अजून एक घोट." बायकोने चहा ओतला. मी कप ओठापर्यंत नेला आणि माझा हात थांबला. क्षणभरच थांबला, पण तेवढं त्यांना पुरलं. पिंजाऱ्याला माळ्यावरून खाली ओढून नेलं, तेव्हा तो माझ्याकडे नाही, त्या कपाकडे बघत होता. पुन्हा तो कुणाला दिसला नाही. आता टॉवरमधल्या घरात सून म्हणते, "बाबा, तो तुटका कप टाका ना, चार लोकं येतात." मी टाकत नाही. रोज सकाळी त्यातूनच चहा पितो, आणि पहिल्या घोटाला हात अजून थांबतो.