लिफ्टमामांची पाटी

अकरा मजली कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्टमामा सत्तावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. नुसती घरघर ऐकून काय बिघडलंय ते सांगायचे. पण नव्या मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं, लिफ्ट अडकली तर काय करायचं, ही आतली सूचना इंग्रजीत हवी आणि ती मामांनीच लिहायची. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

ते गेले मेहुणीकडे. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. वह्या तपासता तपासता तिनं धडा दिला.

"दाजी, जर-तरची वाक्यं तीन तऱ्हेची. पहिलं, घडू शकेल असं. दुसरं, नुसती कल्पना. तिसरं, वेळ निघून गेली, आता बसा हात चोळत."

मामांना तिसरं आवडलं. सगळ्यात लांब, त्यात 'हॅड' आणि 'वुड हॅव' दोन्ही. "वजनदार आहे," ते म्हणाले. मेहुणी काही बोलणार, तोच दूध उतू गेलं आणि ती आत पळाली.

सोमवारी पाटी लागली: 'इफ यू हॅड प्रेस्ड द रेड बटन, आय वुड हॅव कम.' म्हणजे, तुम्ही लाल बटण दाबलं असतंत, तर मी आलो असतो.

दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट पांढरीफटक पडून लिफ्टबाहेर आली. "कोण अडकलं होतं हो? वाचलं ना?"

दहा मिनिटांत बातमीला पाय फुटले. सहाव्या मजल्यावरचे नकाशेवाले काका जागेवर नव्हते, फोनही उचलत नव्हते. मामा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होते. वॉचमन जिन्यातून वर तोंड करून ओरडला, "मामा, लिफ्टमध्ये माणूस गेलाय!"

मामांनी पुढचं काही विचारलंच नाही. धावत खाली आले, लिफ्टखालचा खड्डा उघडला, गुडघ्यांवर रांगत टॉर्च मारला. "कोणी आहे का?" सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात नकाशेवाले काका जिन्यात धापा टाकताना सापडले. "पाटी वाचली. म्हटलं, जिना बरा."

मॅनेजरबाईंनी पाटीकडे पाहिलं. "ही कुणाच्या स्मरणार्थ लावलीय?"

संध्याकाळी मेहुणी हसून हसून बेजार झाली. मामांचे कान लाल झाले, पण ते उठले नाहीत. "हसून घे. पण आज समजल्याशिवाय मी हलणार नाही."

तासाभरानं त्यांनी मान वर केली. "म्हणजे पहिल्यात शब्द दिल्यासारखं आहे. तुम्ही दाबलंत तर मी येईन."

"हो," मेहुणी म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी नवी पाटी लावून मामा दुपारपर्यंत लिफ्टपाशी घुटमळले. लोक चढले, उतरले. कुणी थांबलं नाही, की चकार शब्द काढला नाही. शेवटी त्यांनी वॉचमनला गाठलं.

"वाचली का रे?"

"वाचली."

"मग?"

"मग काय? समजली."

मामा जरा हिरमुसलेच.